विश्लेषण : मध्यरात्री अर्ज, पाच वर्षांची कसोटी… अमेरिकेचे ‘पहिले होमस्टेडर’ डॅनियल फ्रीमन कोण होते?

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात बिअ‍ॅट्रिस नावाचे एक लहान शहर आहे. त्याच्या पश्चिमेला, काही किलोमीटरवर, कब क्रीक या ओढ्याच्या काठी एका शेतकऱ्याची जमीन आज राष्ट्रीय स्मारक म्हणून जपली आहे. तिथे कोणतीही लढाई झाली नव्हती की कोणा राष्ट्राध्यक्षाचा जन्मही झाला नव्हता. गृहयुद्धात उत्तरेकडील फौजेसाठी टेहळणी करणाऱ्या एका माणसाने १८६३ सालच्या पहिल्याच दिवशी या १६० एकरांसाठी सरकारदरबारी अर्ज केला आणि पुढची चार दशके तो तिथेच राहिला. त्या माणसाचे नाव डॅनियल फ्रीमन. सरकारी जमीन कसणाऱ्याला जवळपास फुकट देणाऱ्या कायद्याचे ते पहिले लाभार्थी मानले जातात. त्यांच्या आयुष्यातून हा कायदा समजतो, तसेच त्याने काय दिले आणि कोणाकडून घेतले, हेही कळते.

डॅनियल फ्रीमन कोण होते?

फ्रीमन यांचा जन्म १८२६ मध्ये ओहायो राज्यात झाला. अमेरिकेतील शेतकरी कुटुंबे तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या पश्चिमेकडे सरकत होती. एका पिढीने जंगल तोडून शेत उभे करायचे आणि पुढच्या पिढीने ते विकून आणखी पश्चिमेला स्वस्त जमीन शोधायची, असा तो क्रम होता. फ्रीमनही ओहायोतून इलिनॉयमध्ये आले. तिथे त्यांनी काही काळ वैद्यकी केली. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर त्यांच्या आयुष्याची घडी विस्कटली होती. १८६१ मध्ये गृहयुद्ध पेटले आणि ते उत्तरेकडील म्हणजे संघराज्याच्या लष्करात टेहळणीच्या कामावर रुजू झाले.

फौजेच्या पुढे जाऊन वाटा, पाणी आणि शत्रूच्या हालचाली हेरणे हे टेहळ्याचे काम. मोकळ्या मुलखात कुठे पाणी आहे, कुठे लाकूडफाटा आहे, हे पाहण्याची नजर फ्रीमन यांच्याकडे होती, हे त्यांनी पुढे निवडलेल्या जमिनीवरून दिसते.

होमस्टेड कायदा काय होता?

राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायद्यावर स्वाक्षरी केली. तो १ जानेवारी १८६३ पासून लागू झाला. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला किंवा कुटुंबप्रमुखाला १६० एकर म्हणजे साधारण ६५ हेक्टर सरकारी जमिनीवर दावा सांगता येणार होता. अविवाहित स्त्रिया आणि विधवाही अर्ज करू शकत होत्या. नुकत्याच आलेल्या स्थलांतरितांना नागरिकत्व घेण्याचा इरादा जाहीर करणे पुरेसे होते. मात्र अमेरिकेविरुद्ध ज्याने शस्त्र उचलले असेल, त्याला हा हक्क नव्हता.

सारी शुल्के मिळून १८ डॉलर भरायचे होते. खरी किंमत पैशात नव्हती, तर वेळेत आणि श्रमात होती. जमिनीवर पाच वर्षे राहायचे, घर बांधायचे, जमीन नांगराखाली आणायची आणि शेवटी दोन साक्षीदारांच्या जबानीने ते सिद्ध करायचे. त्यानंतरच मालकीचा दाखला मिळे. ज्याला इतका काळ थांबायचे नसेल, तो सहा महिन्यांनंतर एकरी सव्वा डॉलर मोजून जमीन विकत घेऊ शकत होता.

अशा कायद्याची मागणी जुनी होती. पण दक्षिणेतील गुलामधारक राज्यांनी तो अनेक वर्षे अडवून धरला होता. पश्चिमेत लहान शेतकऱ्यांची वस्ती वाढली, की तिथे गुलामगिरीला विरोध करणारी राज्ये तयार होतील आणि काँग्रेसमधील आपले बळ घटेल, ही त्यांची भीती होती. १८६० मध्ये मंजूर झालेले असेच एक विधेयक राष्ट्राध्यक्ष जेम्स ब्युकॅनन यांनी नकाराधिकार वापरून रोखले. दक्षिणेची राज्ये संघराज्यातून फुटली आणि त्यांचे प्रतिनिधी काँग्रेसमधून बाहेर पडले, तेव्हाच हा अडसर दूर झाला. ज्या युद्धाने फ्रीमन यांना लष्करात नेले, त्याच युद्धामुळे त्यांना जमीन देणारा कायदाही होऊ शकला.

मध्यरात्रीच्या अर्जाची कहाणी काय?

१८६२ च्या अखेरीस फ्रीमन नेब्रास्का प्रांतात होते. कब क्रीकच्या काठची जमीन त्यांनी हेरून ठेवली होती. अर्ज द्यायचे कार्यालय मात्र मिसुरी नदीवरच्या ब्राउनव्हिल गावी होते, म्हणजे त्या जमिनीपासून जवळपास शंभर किलोमीटर पूर्वेला. कायदा १ जानेवारीला लागू होणार होता, पण नववर्षाची सुट्टी असल्याने त्या दिवशी कार्यालय बंद राहणार होते. फ्रीमन यांना तर कामावर हजर होण्यासाठी सेंट लुइसला निघायचे होते. एक दिवसही थांबण्याची सोय नव्हती.

३१ डिसेंबरच्या रात्री गावात नववर्षाच्या स्वागताचा समारंभ होता. तिथे फ्रीमन यांची जमीन कार्यालयातील एका कर्मचाऱ्याशी गाठ पडली. त्यांनी आपली अडचण सांगून त्याचे मन वळवले आणि मध्यरात्र उलटल्यावर काही मिनिटांतच कार्यालय उघडून त्यांचा अर्ज नोंदवून घेण्यात आला. ही हकीगत फ्रीमन पुढे आयुष्यभर अभिमानाने सांगत राहिले आणि तिच्यामुळेच त्यांचे नाव देशभर झाले.

त्या एका दिवसात देशभरातील कार्यालयांत एकूण ४१८ अर्ज दाखल झाले. म्हणजे फ्रीमन यांच्याबरोबर त्याच तारखेचे आणखी ४१७ अर्जदार होते. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. ‘पहिला’ हा मान काही मिनिटांच्या फरकाचा आणि एका कर्मचाऱ्याच्या भलेपणाचा होता. पाच वर्षांनी मिळालेला दाखला मात्र फ्रीमन यांनी कष्टाने कमावला.

त्यांनी हीच जमीन का निवडली?

सरकारी मोजणीत सारा मुलूख चौकोनांत आखलेला होता. एका चौरस मैलाचे ६४० एकर आणि त्याचा चौथा हिस्सा म्हणजे १६० एकर. बहुतेक जण असा एक सरळ चौकोन घेत. फ्रीमन यांनी चाळीस-चाळीस एकरांचे चार तुकडे अशा रीतीने जोडून मागितले, की त्यांच्या जमिनीचा आकार इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा झाला. त्यामुळे ओढ्याचे पाणी, काठावरची झाडे आणि वरची सपाट काळी माती असे सारे एकाच दाव्यात आले.

या निवडीचे मोल प्रेअरी म्हणजे काय हे समजल्याशिवाय कळत नाही. प्रेअरी हा गवताचा मुलूख. पूर्व नेब्रास्कात तिथले उंच गवत माणसाच्या डोक्यावरून जाई. त्याच्या मुळांचे जाळे इतके दाट असे, की पहिली नांगरट करताना जनावरांचा आणि माणसाचा घाम निघे. झाडे जवळजवळ फक्त ओढ्या-नद्यांच्या काठी. त्यामुळे ज्यांच्या वाट्याला उघडे माळरान आले, त्यांनी मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेपा विटांसारख्या रचून घरे बांधली. ही घरे उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार असत, पण पावसात छत गळे आणि भिंतींतून उंदीर-साप निघत. जळणालाही लाकूड नसल्याने वाळलेले गवत आणि शेण वापरावे लागे. फ्रीमन यांच्या हाताशी लाकूड होते, पाणीही होते. त्यामुळे अनेकांना सोसाव्या लागलेल्या हालअपेष्टांतून ते सुटले.

अ‍ॅग्नेस कोण होत्या?

फ्रीमन यांचे धाकटे भाऊ जेम्स यांचे आयोवातील अ‍ॅग्नेस सूटर या तरुणीशी लग्न ठरले होते. पण जेम्स युद्धात गेले ते परतलेच नाहीत. त्यानंतर डॅनियल आणि अ‍ॅग्नेस यांच्यात पत्रव्यवहार सुरू झाला आणि त्या पत्रांतूनच डॅनियल यांनी लग्नाची मागणी घातली. १८६५ मध्ये त्यांचे लग्न झाले आणि अ‍ॅग्नेस नेब्रास्कात आल्या.

कागदावर दावेदार एकटे डॅनियल होते, पण अशी जमीन एकट्याने टिकवणे अवघड होते. दूध, लोणी, कोंबड्या, भाजीपाला, शिवणकाम, आजारपण आणि बाळंतपण हे सारे घरातल्या बाईच्या अंगावर असे. पुरुष कामासाठी बाहेरगावी असला, की जनावरे आणि शेतही तिलाच पाहावे लागे. शेजाऱ्यांची घरे लांब असत. अ‍ॅग्नेस यांनी याच जमिनीवर मुले वाढवली आणि पतीच्या मागेही दोन दशकांहून अधिक काळ जगल्या.

पाच वर्षांची कसोटी कशी पार पडली?

जानेवारी १८६८ मध्ये, अर्जाला पाच वर्षे पूर्ण होताच, फ्रीमन यांनी आपला पुरावा सादर केला. दोन शेजाऱ्यांनी त्यांच्या बाजूने शपथेवर जबानी दिली. ती कागदपत्रे आजही उपलब्ध आहेत आणि त्यांतून एका नव्या शेतकऱ्याचा संसार डोळ्यांपुढे उभा राहतो.

घर चौदा फूट रुंद आणि वीस फूट लांब, एक मजली. अर्धे ओंडक्यांचे आणि अर्धे फळ्यांचे. दोन दारे, दोन खिडक्या, लाकडी जमीन आणि लाकडी कौलांचे छप्पर. साधारण ३५ एकर जमीन नांगरून, कुंपण घालून लागवडीखाली आणलेली. एक तबेला, शंभर फूट लांबीचा मेंढवाडा आणि मक्याची कणसे साठवण्याची कणगी. सफरचंदाची ४० झाडे आणि पीचची सुमारे ४०० झाडे.

पाच वर्षांच्या श्रमांनंतरही १६० पैकी फक्त ३५ एकर नांगराखाली आले होते, हे यात लक्षात घेण्यासारखे आहे. बैल किंवा घोडे जोडून गवताची मुळे फोडण्याचा वेग तेवढाच होता. दुसरे म्हणजे पीचची चारशे झाडे. फळझाडे लगेच पैसा देत नाहीत. जमीन मिळाली की विकून पुढे जायचे असे ज्याच्या मनात असेल, तो चारशे झाडांना पाणी घालत बसत नाही. फ्रीमन राहण्यासाठीच आले होते.

१८६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांच्या कारकिर्दीत त्यांना मालकीचा दाखला मिळाला. पुढे त्यांनी आसपासची जमीनही घेतली, विटांचे घर बांधले आणि गेज काउंटीत शेरीफ व न्यायदंडाधिकारी अशी पदेही सांभाळली.

सर्वांनाच असे यश मिळाले का?

नाही. या कायद्याखाली कालांतराने सुमारे ४० लाख दावे दाखल झाले. त्यांपैकी साधारण १६ लाख जणांनाच मालकीचा दाखला मिळाला. म्हणजे दहा जणांपैकी सहा जण शेवटपर्यंत पोहोचले नाहीत. नेब्रास्का-कॅन्ससमध्ये १८७३ च्या ईस्टरला आलेल्या हिमवादळात माणसे आणि जनावरे गोठून मेली. १८७४ मध्ये टोळधाडीने उभी पिके, भाजीपाला, वाळत घातलेले कपडेदेखील खाल्ले. दुष्काळ आणि कर्ज तर नेहमीचेच होते. पुढे जसजशी वस्ती कोरड्या पश्चिमेकडे सरकली, तसे १६० एकर पोट भरण्यासही अपुरे पडू लागले.

कायद्यात पळवाटाही होत्या. सट्टेबाज भाडोत्री माणसे उभी करून दावे लावत. घराची किमान मापे सांगताना फूट की इंच हे नियमात स्पष्ट नसल्याचा फायदा घेऊन काहींनी बाहुलीच्या घराएवढी खोकी ठेवली आणि घर बांधल्याची शपथ घेतली, असे किस्से सांगितले जातात. शिवाय रेल्वे कंपन्यांना वेगळ्या कायद्यांनी लक्षावधी एकर मिळाले होते. चांगली आणि रुळांलगतची जमीन बहुधा त्यांच्याकडे असे.

ही जमीन रिकामी होती का?

कायद्याच्या भाषेत ती सरकारी जमीन होती. पण ती सरकारची झाली कशी, हा प्रश्न उरतोच. आग्नेय नेब्रास्काचा हा मुलूख ओटो आणि मिसुरिया या मूलनिवासी लोकांचा होता. नदीकाठी त्यांची गावे आणि मक्याची शेते होती, माळावर त्यांची शिकार चाले. १८५४ च्या तहाने त्यांनी आपला बहुतांश प्रदेश सोडला आणि बिग ब्लू नदीच्या काठच्या एका राखीव पट्ट्यात ते राहू लागले. तो पट्टा फ्रीमन यांच्या शेतापासून फार दूर नव्हता. वसाहतवाल्यांचा लोंढा वाढत गेला तशी ती राखीव जमीनही विकली गेली आणि १८८१ पर्यंत या लोकांना आजच्या ओक्लाहोमात हलवण्यात आले.

फ्रीमन यांनी कोणाला हुसकावले नाही. त्यांच्याआधीच सरकारने ते काम केले होते. पण त्यांच्या आणि त्यांच्यासारख्या लाखो कुटुंबांच्या हाती आलेल्या दाखल्यामागे हा व्यवहार होता. भूमिहीनाला मालक करणारा कायदा दुसऱ्या कोणाला भूमिहीन करूनच अमलात आला.

शाळेविरुद्धचा खटला काय होता?

सत्तरी ओलांडल्यावर फ्रीमन यांनी आयुष्यातील दुसरी मोठी गोष्ट केली. त्यांच्या शेताजवळ विटांची एक खोली असलेली सरकारी शाळा होती, फ्रीमन स्कूल नावाची. १८९९ मध्ये तिथल्या शिक्षिका रोज मुलांसमोर बायबलमधील उतारे वाचत, प्रार्थना म्हणत आणि भजने गाऊन घेत. फ्रीमन यांनी हरकत घेतली. शाळा मंडळाने शिक्षिकेची बाजू घेतली. खालच्या न्यायालयातही फ्रीमन हरले, तरी ते थांबले नाहीत.

शेतकरी वस्तीत शाळा हेच सभागृह आणि तेच लोकांच्या भेटीगाठीचे ठिकाण असे. तिथल्या मंडळात आपलेच शेजारी बसलेले असत. अशा ठिकाणी धर्माच्या प्रश्नावर सगळ्यांच्या विरोधात उभे राहणे म्हणजे रोजच्या उठण्याबसण्यात कटुता ओढवून घेणे. फ्रीमन यांनी ती पत्करली.

‘फ्रीमन विरुद्ध शेव्ह’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०२ मध्ये फ्रीमन यांच्या बाजूने निकाल दिला. कोणते बायबल प्रमाण मानायचे यावरच ख्रिस्ती पंथांत मतभेद आहेत. त्यामुळे सरकारी शाळेत एका पंथाच्या पद्धतीने वाचन, प्रार्थना आणि भजन करणे ही पंथीय शिकवण ठरते आणि राज्याची घटना तिला मनाई करते, असा त्याचा आशय होता. पुढच्या वर्षी न्यायालयाने खुलासाही केला. शाळेत बायबल वाचणे मुळातच बेकायदा नाही. त्याचा वापर पंथीय शिकवणीसाठी होतो का, हे त्या त्या प्रकरणातील वस्तुस्थितीवरून ठरवावे लागेल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील बायबल वाचनाचा धार्मिक उपक्रम घटनाबाह्य ठरवला तो १९६३ मध्ये, म्हणजे नेब्रास्काच्या निकालानंतर सहा दशकांनी.

त्यांच्यानंतर काय झाले?

३० डिसेंबर १९०८ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी फ्रीमन यांचे निधन झाले. त्यांना त्यांच्याच जमिनीवर, एका उंचवट्यावर दफन करण्यात आले. १९३१ मध्ये अ‍ॅग्नेस गेल्या. त्यांचीही कबर तिथेच आहे. या जागेचे स्मारक व्हावे ही मागणी तोवर जोर धरू लागली होती. नेब्रास्काचे सिनेटर जॉर्ज नॉरिस यांनी ती काँग्रेसमध्ये लावून धरली आणि १९३६ मध्ये तसा कायदा झाला. आज ती जागा ‘होमस्टेड नॅशनल हिस्टॉरिकल पार्क’ म्हणून ओळखली जाते. फ्रीमन स्कूलची इमारतही तिचा भाग आहे. १९६७ पर्यंत ती शाळा भरत होती.

होमस्टेड कायद्याखाली एकूण सुमारे २७ कोटी एकर जमीन खासगी मालकीची झाली. देशाच्या भूभागाचा तो जवळपास दहावा हिस्सा. १९७६ मध्ये कायदा रद्द झाला, अलास्कात तो आणखी दहा वर्षे सुरू राहिला. शेवटचा दाखला १९८८ मध्ये अलास्कातील केन डिअरडॉर्फ यांना मिळाला. म्हणजे फ्रीमन यांच्या मध्यरात्रीच्या अर्जापासून सव्वाशे वर्षे हा व्यवहार चालला.

स्मारक झाल्यावर तिथे पहिल्यांदा जे काम हाती घेतले गेले, त्यात गवत पुन्हा लावण्याचे काम होते. पाच वर्षांत ३५ एकर मोडायला फ्रीमन यांना जे गवत नाकी नऊ आणत होते, ते नांगरामुळे या परिसरातून जवळपास नाहीसे झाले होते. आता सुमारे शंभर एकरांवर ते पुन्हा उभे आहे आणि ते जपण्यासाठी कर्मचारी नेमलेले आहेत.